भीमसेन सरांची चारशे बारा माणसं

आत्या नेमकी काय करते, हा प्रश्न मल्लेशला नोकरीच्या पहिल्याच दिवशी पडला होता. सरांच्या प्रोग्रॅममध्ये ते नाव दिसलं तेव्हा टाइप करताना काहीतरी चुकलं असेल असं समजून त्यानं ते पुसायला घेतलं. मागून भीमसेन सरांनी एवढ्या जोरात "ए, ए, ए!" केलं की खालच्या डाळीच्या दुकानातला हमाल अर्धा जिना चढून काय झालं ते बघून गेला.

"ती आत्या आहे," सर छातीवर हात ठेवून म्हणाले. "ती पुसलीस तर दवाखान्यातून एकही माणूस घरी जाणार नाही."

फंक्शन म्हणजे प्रोग्रॅममधला एक छोटा कामगार. नावानं हाक मारली की तो उठतो, नेमून दिलेलं तेवढं काम करतो आणि परत जाऊन बसतो. जगभरचे लोक त्याला त्याच्या कामावरून नाव देतात. भीमसेन सरांनी मात्र नावं दिली ती नात्यागोत्यातली. त्यांची सख्खी आत्या आठ दिवसांसाठी म्हणून आली आणि अकरा महिने राहिली. ज्या दिवशी ती एकदाची हुमनाबादच्या बसमध्ये चढली, त्याच दुपारी सर पेशंटला दवाखान्यातून घरी सोडायचं फंक्शन लिहायला बसले होते. त्यांना दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं.

हे सर मूळचे चिटगुप्प्याच्या कॉलेजात गणित शिकवायचे. १९९६ साली कॉलेजात एक कॉम्प्युटर आला. प्राचार्यांनी त्याला गुलाबी कापडाचा झगा शिवून घातला, हळदकुंकू वाहिलं आणि धूळ बसू नये म्हणून खोलीला कुलूप लावलं. किल्ली गणिताच्या माणसाकडे. ती किल्लीच सरांना भोवली. वर्षभरात त्यांनी कायमची नोकरी सोडली, गुलबर्ग्याला स्टेशन रोडवर एका तूरडाळीच्या दुकानावरची खोली घेतली आणि एका ट्रस्टच्या दवाखान्यासाठी प्रोग्रॅम लिहायला घेतला. थोरले मेहुणे अण्णाराव तीन वेळा येऊन समजावून गेले. चौथ्यांदा ते आले तेव्हा प्रोग्रॅममध्ये त्यांची सोय झालेली होती. कुणी माहिती चुकीची भरली की तीच ती सूचना पुन्हा पुन्हा पडद्यावर आणणारं फंक्शन म्हणजे अण्णाराव.

असे एकेक करत बारा वर्षांत चारशे बारा जण आत आले. कॉलेजातला कारकून हणमंतप्पा, ज्याच्या टेबलावरून एकही अर्ज बिनचूक म्हणून पुढे गेला नव्हता, तो दवाखान्यातले अर्ज तपासायचा. औरादचे काका, जे कुठेही बसले की डुलकी काढायचे, त्यांच्याकडे वाट बघणाऱ्या पेशंटांची यादी होती. धुणंभांड्याला येणाऱ्या चन्नव्वाकडे नको असलेल्या फायली फेकायचं काम होतं. खऱ्या चन्नव्वानं एकदा सरांची तीन महिन्यांची आकडेमोड अंघोळीचं पाणी तापवायला चुलीत घातली होती. म्हणून कॉम्प्युटरातल्या चन्नव्वाला काहीही फेकण्याआधी तीनदा विचारायची सक्ती होती. सरांना हे सगळं स्वच्छ दिसायचं. दुसऱ्या कुणाला ते दिसत नाही, यात दोष दुसऱ्याचा आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

मल्लेश हा सरांचाच विद्यार्थी. मुडबीच्या पिराप्पांचा मुलगा. घरी आजोबांच्या काळापासून मेंढरं; पोरगा गणितात हुशार निघाला आणि सरांनी त्याला उचलून आणलं. बरोबरचे सगळे हैदराबाद, पुणे, बेंगळूरला गेले. मल्लेश राहिला, कारण सरांना "जातो" म्हणायचं त्याच्या तोंडून निघालंच नाही. सर एवढं जीव लावून शिकवायचे की दर वेळी तो शब्द उद्यावर जायचा.

तर २००९ साली दवाखान्याच्या ट्रस्टनं बेंगळूरला दोन मोठे दवाखाने बांधले. तिन्हीकडे एकच प्रोग्रॅम ठेवायचा असं ठरलं, आणि कुठला ठेवायचा ते बघायला बेंगळूरहून हर्षिता नावाची इंजिनियर आली. वय सत्तावीस-अठ्ठावीस, आजोळ बसवकल्याणचं, त्यामुळे मराठी चांगली यायची. तिनं कोड उघडला, पाच मिनिटं बघितला आणि विचारलं, "सर, ही आत्या कोण?"

"माझी सख्खी आत्या," सर खुशीत येऊन म्हणाले आणि त्यांनी सुरुवात केली. हर्षिताची गाडी सहाची होती. पाच वाजता आत्या नुकतीच बसमध्ये चढत होती.

हर्षिता पोरगी सभ्य. तिनं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "सर, प्रोग्रॅम उत्तम आहे. बारा वर्षांत एकदाही बंद पडला नाही, असं दवाखान्यातले सांगतात. पण उद्या बेंगळूरला एखाद्या नव्या माणसानं हा उघडला तर त्याला काय कळणार? त्याला तुमचे नातेवाईक माहीत नाहीत. एक महिना देते. नावं अशी करा की परक्यालाही कळतील. नाहीतर ट्रस्ट तयार प्रोग्रॅम विकत घेईल आणि हा काढून टाकेल."

ती गेल्यावर सर बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. बारा वर्षं, सोडलेली नोकरी, मेहुण्यांची बोलणी, सगळं त्या एका "काढून टाकेल"मध्ये बसत होतं. मल्लेशला त्यांच्याकडे बघवेना. नावं आपण बदलायची, एक महिन्यात बदलायची आणि सरांचा प्रोग्रॅम वाचवायचा, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवलं.

"सर, मी करतो की," तो म्हणाला. "आमचे अप्पा मेंढराची नावं कशी ठेवतात, म्हाईत हाय का? कान तुटलेली ती कानतुटी. एक डोळा पांढरा ती पांढरडोळी. नवा गडी जरी आला तरी कळपात बरोबर तिलाच धरतो. तसंच करू."

"माझी आत्या मेंढरू नाही," सर म्हणाले आणि चपला घालून घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मात्र ते स्वतःच वही घेऊन बसले. कामाची पद्धत अशी ठरली की मल्लेशनं नाव वाचायचं, सरांनी ते फंक्शन काय करतं ते सांगायचं आणि मल्लेशनं त्याला साजेसं नवं नाव लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण सरांना नुसतं काम सांगता यायचं नाही. आधी तो माणूस सांगायचा, मग त्याचं गाव, मग त्याच्या लग्नात काय झालं ते, आणि मग, चहा झाल्यावर, काम. पहिल्या आठवड्यात नऊ नावं झाली. त्यातलं एक सरांनी शनिवारी परत घेतलं. परीक्षेची तारीख दर वर्षी पुढे ढकलणाऱ्या कामतीकर मास्तरांना नुसतं 'तारीख_बदला' म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

"सर, ह्या हिशेबानं वर्ष जाईल की वो," मल्लेश काकुळतीला येऊन म्हणाला.

"जाऊ दे. माणसं आहेत ती."

दुसऱ्या आठवड्यात मल्लेशनं सरांना विचारायचंच सोडून दिलं. कोड वाचून काम आपलं आपण समजून घ्यायचं आणि नाव ठेवायचं. दिवसाला तीस-चाळीस नावं होऊ लागली. आत्या झाली 'डिस्चार्ज_पेशंट'. चन्नव्वा झाली 'डिलीट_फाइल'. अण्णाराव झाले 'शो_एरर', आणि खरं सांगायचं तर त्यांना ते शोभलंही. सर शेजारच्या टेबलावर बसून पेपर वाचत असल्याचं दाखवायचे आणि अधूनमधून विचारायचे, "आज कोण गेलं?" मल्लेश नाव सांगायचा. सर "हं" म्हणायचे. आपण घरातली माणसं एकेक करून बाहेर काढतोय असं त्या पोराला वाटायचं, आणि वाईटही वाटायचं. पण थांबायला वेळ नव्हता.

तिसऱ्या रविवारी त्यानं कामाचा बार उडवून दिला. चारशे बारातली चारशे दहा नावं बदलून झाली होती. शेवटच्या दोन नावांची भानगड त्याला कळेना, ती त्यानं तशीच ठेवली. सगळं दोनदा तपासलं, दवाखान्यातल्या मशीनवर नवा प्रोग्रॅम चढवला आणि तृप्त मनानं घरी जाऊन जेवला.

सोमवारी सकाळी सव्वाआठला दवाखान्यातून फोन आला. शरणम्मा सिस्टर होत्या. वीस वर्षांची नोकरी आणि वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा आवाज.

"मल्लेशण्णा, आत्या कुठं हाय?"

"कोण आत्या, सिस्टर?"

"कोण म्हंजे? आमची आत्या! चौदा पेशंट सकाळधरनं कपडे घालून बसल्यात हिथं. आत्या उठंना झालीय!"

सरांनी प्रोग्रॅम लिहिताना पडद्याच्या तळाशी एक रिकामी चौकट ठेवली होती. त्या चौकटीत फंक्शनचं नाव टाइप केलं की ते फंक्शन चालतं. सरांनी ती आपल्या सोयीसाठी ठेवली होती. पण दवाखान्यातल्या लोकांनी पाहिलं की पाच पानं उलगडून जे काम होतं ते नुसतं 'आत्या' लिहिलं की होतं. बारा वर्षं ते तेच करत आले होते. मल्लेशनं प्रोग्रॅममधली सगळी नावं बदलली होती. माणसांच्या बोटांतली नावं त्याच्या हिशेबातच नव्हती.

तो धावत पोचला तेव्हा वॉर्डात बाजार भरला होता. शरणम्मा सिस्टर चौकटीत 'आत्या' लिहीत होत्या आणि कॉम्प्युटर 'असं कोणी नाही' म्हणत होता. गेटवरचा वॉचमन कागदाशिवाय कुणाला सोडत नव्हता. आळंदचे एक आजोबा, काल बरे झालेले, जीप बाहेर उभी आणि आपण आत, या विचारानं पुन्हा आजारी दिसायला लागले होते. कोपऱ्यातल्या पलंगावरची म्हातारी सगळं ऐकून कळवळ्यानं म्हणाली, "अगं, कुणाची आत्या हरवलीया, ते न्हाणीत तर बघा की."

"सिस्टर, आत्याचं नाव बदललंय," मल्लेश म्हणाला. "आता तिथं डिस्चार्ज_पेशंट असं लिवायचं."

शरणम्मांनी त्याच्याकडे बघितलं. मग एका बोटानं लिहायला घेतलं. सतरा इंग्रजी अक्षरं. मधली आडवी रेघ कुठल्या बटणावर असते हे शोधण्यात एक पेशंट चक्कर येऊन पुन्हा झोपला.

"कामून बदललास रे?" त्या शेवटी म्हणाल्या. "नव्या पोरी येतात वॉर्डात, त्यास्नी आम्ही पहिल्या दिवशी काय शिकवतो? पेशंट घरी चालला की आत्या, कागद फेकायचा की चन्नव्वा. झालं. एका दिवसात पोरगी तयार. आता हे काय काढलास?"

मल्लेशनं जुना प्रोग्रॅम परत चढवला. अर्ध्या तासात चौदाच्या चौदा पेशंट आत्याच्या कृपेनं घरी गेले. तो कचेरीत परतला तेव्हा सरांना बातमी लागलेली होती. सर हसत होते. इतक्या वर्षांत मल्लेशनं त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं.

"चौदा माणसं आत्यासाठी अडून बसली!" सर म्हणाले. "अण्णारावांना फोन करून सांगितलं मी. त्यांच्याविना पण दवाखाना चालला नाही म्हणून."

"सर, पण हर्षिता मॅडम आठ दिवसांनी येणार."

सरांचं हसू हळूहळू ओसरलं. नावं बदलली तर दवाखाना बंद पडतो, आणि नाही बदलली तर प्रोग्रॅम जातो. ते खुर्चीत टेकले आणि चष्मा काढून पुसत बसले.

"तू गेला असतास तर बरं झालं असतं, मल्लेश," ते म्हणाले. "हैदराबादला चांगली नोकरी होती तुला. मी अडकवून ठेवलं."

मल्लेशला हे ऐकवेना. तो आपल्या टेबलाशी जाऊन बसला आणि करायला काही नव्हतं म्हणून ती उरलेली दोन नावं उघडली. एक होती वृंदा. हे नाव दवाखान्यात सगळ्यांना पाठ होतं. दिवस संपला की चौकटीत 'वृंदा' लिहायचं आणि घरी जायचं. वृंदा म्हणजे सरांच्या पत्नी, वृंदाकाकू, एवढं मल्लेशला माहीत होतं. काकू दिवेलागणीला घरभर फिरून नळ, गॅस, कड्या तपासतात, तेव्हा हे नाव बरोबरच होतं. गंमत अशी की वृंदाच्या आत तपासायचं काहीच नव्हतं. दोनच ओळी होत्या. पहिली: दोन सेकंद थांब. दुसरी: इंदूला हाक मार. आणि दिवसभराच्या सगळ्या नोंदी तपासणं, राहिलेलं जुळवणं, सगळ्याची एक प्रत काढून ठेवणं आणि कुलूप लावणं हे सारं काम करत होती ती इंदू.

"सर, ही इंदू कोण?"

एरवी सरांनी गावापासून सुरुवात केली असती. या वेळी ते उठले, बॅटरीत पाणी आहे का ते बघतो म्हणाले आणि गच्चीवर निघून गेले. पाणी त्यांनी सकाळीच घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांचा चष्मा घरी राहिला म्हणून मल्लेश तो आणायला गेला. काकूंनी त्याला बसवलं आणि समोर सुसल्याची बशी ठेवली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तो तिखट सुसला काकूंच्या हातचा म्हणजे मल्लेशचा जीव की प्राण. खाता खाता त्यानं सहज विचारलं, "काकू, आपल्यात इंदू नावाचं कुणी हाय का?"

काकूंचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं हे नाव?"

"प्रोग्रॅममधी हाय."

"मीच ती," काकू म्हणाल्या. "माहेरची इंदू. लग्नात तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीनं वृंदा लिहिलं. सासूबाईंनी काढलेलं नाव. मला कुणी विचारलं नाही, आणि तेव्हा विचारायची पद्धतही नव्हती. पण गंमत सांगू का? पहिली दोन-तीन वर्षं कुणी 'वृंदा' म्हणून हाक मारली की मला कळायचंच नाही. मी आपली इकडेतिकडे बघायची. मग डोक्यात यायचं, अगं, तुलाच बोलावताहेत. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, सून ऐकायला जरा कमी आहे."

"आणि सर?"

"ते कुठलं नाव घेतात! 'अगं' आणि 'ऐकलंस का', एकतीस वर्षं. आई गेली तेव्हापासून इंदू म्हणणारं कुणी उरलं नाही." त्यांनी बशी पुढे सरकवली. "प्रोग्रॅममध्ये काय करते रे ती?"

मल्लेशनं सांगितलं. वृंदा दोन सेकंद थांबते, मग इंदूला हाक मारते, आणि सगळं काम इंदू करते. काकू आधी खूप हसल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "सगळं लक्षात होतं म्हणायचं ह्यांच्या." मग बशी भरलेली असतानाच तीत आणखी सुसला वाढला.

मल्लेश जिना उतरत असताना त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तो चष्मा तिथंच विसरून परत कचेरीत आला. नाव बदललं तरी जुनं पुसायची गरज नव्हती. काकूंनी ते कधीच केलं होतं. काम करणारी एकच. ती दोन्ही नावांना ओ देते. कामाला नवं नाव द्यायचं, आणि जुन्या नावाला दारात उभं करायचं. कुणी जुन्या नावानं आलं की त्यानं फक्त नव्याकडे पाठवून द्यायचं. सरांनी बारा वर्षांपूर्वीच हे करून ठेवलं होतं, फक्त एकीसाठी.

पाच दिवसांत त्यानं सगळं जुळवलं. कोड उघडला की आता सगळीकडे स्वच्छ नवी नावं. चारशे दहा जुनी नावं एका वेगळ्या फाईलमध्ये ओळीनं उभी, प्रत्येकात एकच ओळ. त्या फाईलला त्यानं नाव दिलं 'माहेर'. सरांनी चष्मा सावरत ती फाईल वरपासून खालपर्यंत वाचली.

"म्हणजे आत्या आता स्वतः काहीच करत नाही?"

"न्हाई सर. नुसती दारात उभी ऱ्हाते. कुणी आलं की आत जा म्हणते."

"मग आत्ता ती खरी आत्या झाली," सर म्हणाले आणि त्यांनी मल्लेशच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की त्याच्या हातातला चहा हिंदकळला.

सोमवारी शरणम्मांनी आत्या लिहिलं, आत्या उठली, पेशंट घरी गेला. पडद्यामागे सगळं बदललंय हे त्यांना कळलंसुद्धा नाही. बुधवारी हर्षिता आली. या वेळी तिनं कुणालाही काहीही विचारलं नाही. तीन तास ती एकटी वाचत होती. सर जिन्यात येरझाऱ्या घालत होते आणि खालचे डाळवाले त्यांना बाळंतपणाची वाट बघणाऱ्या नवऱ्याला द्यावं तसं पाणी नेऊन देत होते. शेवटी हर्षितानं दोघांना आत बोलावलं.

"मला सगळं कळलं," ती म्हणाली. "एकाही नातेवाइकाशिवाय. ही माहेरची फाईल तर मी बेंगळूरला सगळ्यांना दाखवणार आहे. प्रोग्रॅम तिन्ही दवाखान्यांत जाईल. फक्त एक जागा राहिलीय." तिनं बोट ठेवलं. "ही वृंदा दोन सेकंद थांबते. कशासाठी?"

मल्लेशनं सरांकडे बघितलं. सरांना गच्चीवर जायला आता जागा नव्हती.

"तेवढा वेळ लागायचा तिला," सर म्हणाले. "माझी पत्नी. लग्नात आम्ही तिचं नाव बदललं. नव्या नावाची ओळख पटायला तिला दोन सेकंद लागायचे. मी ते बघायचो. मला वाईट वाटायचं, पण घरात आईसमोर बोलायची सोय नव्हती. मग इथं लिहिलं."

"नाव बदलताना त्यांना विचारलं होतं का तुम्ही?"

"नाही," सर म्हणाले.

हर्षितानं पडद्यावरच्या त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. मग हलक्या आवाजात म्हणाली, "सर, ते दोन सेकंद काढायला लागतील. आणि इंदूलाही कामाचं नाव द्यायला लागेल. हे एवढं तुम्ही स्वतः करा."

सर कीबोर्डसमोर बसले. दोन सेकंदांची ओळ पुसली. इंदूच्या जागी 'क्लोज_डे' लिहिलं. मग माहेरची फाईल उघडून तळाशी वृंदाची ओळ टाकली आणि खाली इंदू लिहायला लागले. मल्लेश चाचरत म्हणाला, "सर, वृंदाला दवाखान्यातले रोज हाक मारतात, ती पायजे. पण इंदू म्हणून बाहेरनं कुणीच बोलवत न्हाई. तिचं जुनं नाव ठेवून काय उपयोग न्हाई हो."

सरांची बोटं तिथंच थांबली. "खरंय," ते म्हणाले. "बाहेरून कुणीच बोलवत नाही." त्यांनी लिहिलेली दोन अक्षरं पुसली, मशीन बंद केलं आणि मल्लेशला म्हणाले, "चल घरी. पेढे घेऊन जाऊ."

वाटेत सरांनी पेढ्याचा पुडा घेतला. घराचं दार नेहमीसारखं उघडं होतं आणि आत कुकरची शिट्टी होत होती. सरांनी एक चप्पल काढली, दुसरी पायातच राहिली. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. गणिताच्या वर्गात साठ पोरांना गप्प करणारा तो माणूस घामानं ओला झालेला मल्लेश पहिल्यांदाच बघत होता. मग पेढ्याचा पुडा छातीशी घट्ट धरून सरांनी हाक मारली, "इंदू!"

मल्लेश सवयीनं मनातल्या मनात सेकंद मोजायला लागला. एकही मोजून झाला नाही.

"ओ, आले!" आतून आवाज आला. हात पुसत काकू उंबऱ्यापर्यंत आल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठल्या नावाला ओ दिली.